नाशिकमध्ये घरात ट्युलिप, हायसिंथ, नरगिस: थंडीचा हिशेब कसा लावता?

गच्चीबाग_इंदिरानगर | १९ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. काल ट्युलिपचे २५ कंद आले. फुलण्याआधी त्यांना काही आठवडे सलग थंडी लागते, म्हणून आज सकाळी कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले, पिशवीवर जाड पेनाने तारीख टाकली आणि १४ आठवडे मोजून कॅलेंडरवर २६ डिसेंबरला गोल केला. बाहेर काढल्यावर फुलायला साधारण ४ आठवडे लागतात. म्हणजे २३ जानेवारी. त्या दिवशी वसंत पंचमी आहे.

हे माझं चौथं वर्ष. आई ८२ वर्षांची आहे, घराबाहेर पडणं आता जवळजवळ बंद झालंय. २०१५ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघी श्रीनगरला गेलो होतो. दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ती मोठी ट्युलिपची बाग आहे, २००७ साली सुरू झालेली. आई तिथे एका वाफ्यापाशी बसली ती उठेचना. आजही नुसतं "ती फुलं" म्हणाली की आम्हाला कळतं कोणती ते. तिला पुन्हा तिथे नेणं शक्य नाही, म्हणून फुलंच घरी आणायची असं मी ठरवलं.

पहिल्या वर्षी, २०२२ ला, नाशिकच्या थंडीवर भरवसा ठेवला. निफाडचा पारा इतका घसरला, तितका घसरला हे रोज पेपरात वाचत होते, म्हणून डिसेंबरात कंद थेट बाल्कनीतल्या कुंडीत लावले. पानं आली. पानांच्या बेचक्यात, मातीपासून जेमतेम दोन इंचांवर, एक लाल कळी अडकली आणि तिथेच अर्धवट उघडून सुकली. देठ आलाच नाही. बाकीच्या कंदांना तेवढंही नाही.

दुसऱ्या वर्षी फ्रिजमध्ये १२ आठवडे ठेवले. शेजारच्याच कप्प्यात सफरचंदं आणि पेरू होते. कोंब जोरात आले, कळ्याही दिसल्या, आणि आतल्या आत कागदासारख्या वाळून गेल्या.

तिसऱ्या वर्षी फळं बाहेर काढली. २८ सप्टेंबर ते ४ जानेवारी, मोजून १४ आठवडे. १० पैकी ७ फुलले. यंदा २ फेब्रुवारीला वसंत पंचमी होती, त्याच सकाळी पहिलं फूल उघडलं.

ज्यांनी नाशिकमध्ये किंवा आसपास हा उद्योग केलाय त्यांनी तारखा, आठवडे, काय चुकलं ते लिहा. इंटरनेटवरची माहिती सगळी बर्फाच्या देशांतली. तिथे कुंडी अंगणात पुरून ठेवली की काम झालं. आपल्याला आठवडे मोजावे लागतात.

निफाडकर | १९ सप्टेंबर २०२५

ताई, ट्युलिप मी कधी लावला नाही, पण तुमचं पहिलं वर्ष वाचून कांदाच आठवला. आमच्याकडे रोपं लवकर जाड झाली आणि वरून कडक थंडी बसली की कांद्याला डेंगळे येतात. गड्डा पोसायचा सोडून दांडा वर काढतो. बाजारात त्याला भाव नाही. आणि हीच गोष्ट बियाण्यासाठी आम्ही मुद्दाम करतो. कांदाचाळीत साठवलेले निवडक कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात वरचा तिसरा हिस्सा कापून लावायचे, थंडीने दांडे येतात, पांढरे गोंडे फुलतात, मधमाश्या येतात. म्हणजे थंडी खाल्ल्याशिवाय कांदा फुलत नाही, एवढं इकडे लहान पोरालाही माहीत आहे.

माझा प्रश्न असा, कांद्याला आमची निफाडची थंडी पुरते, मग ट्युलिपला का पुरत नाही?

बॉटनी_मास्तर | १९ सप्टेंबर २०२५

निफाडकर, फार नेमका प्रश्न. तुमच्या कांद्याला साधारण ८ ते १२ अंशांची थंडी चालते. ट्युलिपला २ ते ९ अंश लागतात, आणि तेही सलग १२ ते १६ आठवडे. आपल्याकडे जानेवारीत पहाटे ८-१० अंश असले तरी दुपारी २८ होतात. कुंडी उन्हात तापते. दिवसाचे पाच-सहा तास थंडी मिळाली म्हणजे ती सलग थंडी नव्हे.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. कांद्यात थंडी फूल घडवते. ट्युलिपमध्ये फूल आधीच घडलेलं असतं. शेतातून कंद काढल्यावर उन्हाळ्यात, उबदार साठवणीत, त्याच्या पोटात अख्खी कळी तयार होते. थंडी लागते ती देठ वाढण्यासाठी. थंडी कमी पडली तर फूल असतं, पण त्याला वर नेणारं कुणी नसतं. गच्चीबाग ताईंची ती दोन इंचांवरची लाल कळी म्हणजे नेमकं हेच. हायसिंथही थंडी कमी पडली की असाच पानांत रुतून फुलतो.

विश्वास बसत नसेल तर एक कंद उभा चिरून बघा.

गच्चीबाग_इंदिरानगर | २० सप्टेंबर २०२५

सर, काल रात्री तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. पंचवीसातला एक, बुडाशी थोडा मऊ लागत होता, तो विळीवर उभा चिरला.

बाहेर पांढरे, रसदार पापुद्रे, अगदी कांद्यासारखे, पण वास नाही. मधोमध बुडाच्या चकतीवर एक फिकट पिवळा कोंब, करंगळीच्या नखाएवढा. तो टाचणीने उलगडला. आधी घड्या घातलेली इवली पानं. त्यांच्या आत सहा पाकळ्या, हिरवट पांढऱ्या, एकमेकींवर घट्ट मिटलेल्या. पाकळ्यांच्या आत सहा पुंकेसर, मोजता येतील असे. आणि मध्ये तीन कडांचा स्त्रीकेसर. भिंग लावून आईला दाखवलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "अगं, हे तर सगळं झालेलंच आहे."

आता उरले २४.

नवखा_माळी | २० सप्टेंबर २०२५

मी सिडकोत राहतो, छोटा फ्लॅट, फ्रिज एकच. तीन शंका आहेत. फळं अजिबातच नकोत का? आमच्याकडे द्राक्षं बारा महिने असतात. दिवाळीत फ्रिजमध्ये जागा कुठून आणू? आणि लाईट गेली तर?

गच्चीबाग_इंदिरानगर | २० सप्टेंबर २०२५

फळांचं आधी. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. सफरचंद, केळी, पेरू, आंबा, टोमॅटो हे त्यातले मोठे. हा वायू कंदातली कळी मारतो, वरून काहीच दिसत नाही. म्हणून माझं दुसरं वर्ष वाया गेलं. द्राक्षं मात्र वेलीवरून तोडल्यावर पुढे पिकत नाहीत, त्यांचं इथिलीन अगदीच कमी. तेव्हा नाशिककरांना एवढी सूट आहे. तरी घड वेगळ्या डब्यात ठेवा.

लाईट गेली तर दार उघडू नका. तीन-चार तासांनी काही बिघडत नाही. १४ आठवड्यांच्या हिशेबात ते कुठल्या कुठे जातं. फ्रीझरजवळच्या कप्प्यात किंवा मागच्या भिंतीला चिकटून मात्र ठेवू नका. एक कंद माझा तिथे गोठला होता, बाहेर काढल्यावर उकडलेल्या बटाट्यासारखा पिचपिचला. प्लॅस्टिकची पिशवीही नको, आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते. कागदी पिशवी किंवा जुन्या सुती साडीचा तुकडा. दर पंधरा दिवसांनी एकेक हातात घेऊन दाबून बघायचा.

जागेचं खरंच अवघड आहे. शेजारच्या वहिनींकडे दोन पिशव्या ठेवायला द्या आणि फूल आल्यावर एक कुंडी त्यांना. मी तेच करते.

पंचवटीची_लेक | २१ सप्टेंबर २०२५

धाग्यात एक गोष्ट ठळक लिहायलाच हवी. गेल्या वर्षी मी डॅफोडिलचे ६ कंद स्टीलच्या डब्यात ठेवले होते, नाव न लिहिता. एका सकाळी मी आंघोळीला गेले आणि सासूबाईंनी पोह्यांसाठी त्यातला एक चिरायला घेतला. तपकिरी साल, आत पांढरे पापुद्रे, त्यांना तरी काय कळणार. अर्धा चिरून झाल्यावर त्यांनीच हाक मारली, "अगं, या कांद्याला वासच नाही, आणि चिकट काय लागतोय." फोडणीत मोहरी तडतडत होती. दोन मिनिटं उशीर झाला असता तर घरातल्या सहा जणांच्या ताटात तो गेला असता.

डॅफोडिल आणि नरगिसच्या कंदात लायकोरिन नावाचं विषारी द्रव्य असतं. उलट्या, पोटात कळा, आणि शिजवल्याने ते जात नाही. त्या दिवसापासून माझ्या डब्यावर लाल अक्षरात "विष, कांदा नाही" असं लिहिलेलं आहे, आणि डबा भाज्यांपासून वेगळ्या कप्प्यात असतो. ज्यांच्या घरी लहान मुलं, वयस्कर माणसं किंवा स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आहेत त्यांनी हे आजच करा.

हायसिंथचे कंद हाताळताना हातमोजे घाला. त्यावरच्या बारीक स्फटिकांनी हाताला खाज सुटते.

निफाडकर | २१ सप्टेंबर २०२५

ताई, वाचूनच घाबरलो. आमच्या घरात तर कांद्याचा ढीगच असतो. मी आणले तर वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवीन.

कॉलेजरोडवासी | २४ सप्टेंबर २०२५

ज्यांना फ्रिजचा खटाटोप नको त्यांच्यासाठी पेपरव्हाइट, म्हणजे पांढरा नरगिस. याला थंडीच लागत नाही. पसरट काचेच्या वाडग्यात नदीतले धुतलेले गोटे भरा, कंद त्यात अर्धे रुतवून बसवा, पाणी फक्त बुडाला टेकेल एवढंच. कंद पाण्यात बुडला की सडतो. ४ ते ६ आठवड्यांत फुलं. मी दर १५ दिवसांनी एक वाडगा लावतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी घर सुगंधी. वास तीव्र असतो, काहींना सहन होत नाही, म्हणून झोपायच्या खोलीत नको.

माझी अडचण अशी की आपल्याकडे दिवसा ऊब जास्त, देठ दीड-दोन फूट वाढतात आणि कोलमडतात. काड्या लावून बांधतो, पण मजा जाते.

बॉटनी_मास्तर | २४ सप्टेंबर २०२५

त्यावर एक सिद्ध झालेला उपाय आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात यावर काम झालं. कोंब एक-दोन इंच झाला, मुळं धरली, की साधं पाणी ओतून टाकायचं आणि ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी घालायचं. झाडाला पाणी ओढायला किंचित कष्ट पडतात, देठ एक तृतीयांश ते निम्मा आखूड राहतो. फूल मात्र पूर्ण आकाराचं येतं आणि तेवढेच दिवस टिकतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं तर १ भागाला १३ भाग पाणी, म्हणजे बरोबर ५ टक्के होतं. १० टक्क्यांच्या वर गेलात तर झाड दुखावतं.

नवखा_माळी | २४ सप्टेंबर २०२५

सर, नाशिकमध्ये वाइनला तोटा नाही. उरलेली वाइन पाण्यात मिसळून चालेल का?

बॉटनी_मास्तर | २४ सप्टेंबर २०२५

नको. वाइन आणि बिअरमध्ये साखर असते, मुळं कुजतात. शुद्ध अल्कोहोलच.

सिन्नरची_मळेकरीण | ३० सप्टेंबर २०२५

घरात केशर लावायचे व्हिडिओ खूप दिसतात. तेही याच पद्धतीने का?

बॉटनी_मास्तर | ३० सप्टेंबर २०२५

नाही. केशराचा क्रोकस वसंतात नाही, शरदात फुलतो. काश्मीरमधल्या पांपोरला ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडणी होते. त्याला आधी २३ ते २७ अंशांची ऊब आणि मग १७ अंशांपर्यंतचा गारवा लागतो, फ्रिज नाही. तो वेगळा धागा होईल. वसंतातला शोभेचा क्रोकस निराळा, त्याला मात्र फ्रिज लागतो.

पंचवटीची_लेक | ७ ऑक्टोबर २०२५

खरेदीबद्दल. मागच्या वर्षी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून २० ट्युलिप मागवले. आठ कंद पोकळ आणि हलके, काहींवर निळसर बुरशी. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी घेताना तीनच गोष्टी बघते: हातात वजनदार आहे का, बुडाची चकती कडक आहे का, आणि "आधीच थंडी दिलेले" आहेत का हे लेखी. थंडी दिलेले असतील तर कधीपर्यंत दिली ते विचारायचं, नाहीतर आपला हिशेब पुन्हा पहिल्यापासून. ट्युलिपचे आपल्याकडचे बहुतेक कंद नेदरलँड्समधून येतात, वाटेत आणि गोदामात काय झालं हे कंद सांगत नाही.

गच्चीबाग_इंदिरानगर | २८ नोव्हेंबर २०२५

१० आठवडे झाले. दिवाळीत चकल्यांच्या डब्यांमागे पिशवी गेली होती, पण सुखरूप आहे. एक कंद मऊ झाला, टाकला. उरले २३.

आज ते कुंड्यांत लावले. पाच इंची प्लॅस्टिकच्या कुंड्या, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्म्यात वाळू आणि चाळलेलं शेणखत. एका कुंडीत चार, एकीत तीन. शेंडा मातीच्या जरा वर राहील इतकंच खोल. ट्युलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या कडेकडे करायची. पहिलं मोठं पान त्याच बाजूने येतं, म्हणजे पानं बाहेर झुकतात आणि मध्ये फुलांना जागा राहते. एकदा पाणी दिलं, निथळू दिलं आणि कुंड्यांसकट परत फ्रिजमध्ये, ४ आठवडे. गेल्या वर्षी कंद कोरडेच ठेवून थेट बाहेर लावले होते, त्यात मुळं धरायला वेळ गेला आणि फुलं लहान आली असं मला वाटतं. यंदा मुळं थंडीतच धरू देते. फ्रिजमधला सगळा खालचा भाग गेलाय. घरात भाजी रोजची रोज आणतोय.

निफाडकर | २९ नोव्हेंबर २०२५

मी पण मागवले. हायसिंथचे ४, आधी थंडी दिलेले. काचेच्या अरुंद तोंडाच्या बरण्यांवर बसवलेत. मुलगी विचारते पाणी किती.

बॉटनी_मास्तर | २९ नोव्हेंबर २०२५

कंदाच्या बुडापासून पाऊण-एक सेंटिमीटर खाली. पाण्याला कंद टेकायचा नाही, मुळं स्वतः खाली पाण्याकडे जातात. बरणी अंधाऱ्या, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. कोंब दोन इंच झाला की उजेडात.

गच्चीबाग_इंदिरानगर | २६ डिसेंबर २०२५

आज काढले. कोंब दीड इंचाचे, फिकट, टोकाला गुलाबी झाक. कुंड्यांच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावतायत, हे गेल्या वर्षी नव्हतं. आठ-दहा दिवस उत्तरेच्या खिडकीत, थेट ऊन नाही. रात्री खिडकी उघडी ठेवते, पहाटेचा गारवा त्यांना मिळावा म्हणून. आपली थंडी इथे कामाला येते. बाहेर काढल्यावर एकदम ऊब लागली की कळ्या घाईने येतात आणि देठ आखूड राहतो.

निफाडकर | ११ जानेवारी २०२६

हायसिंथची मुळं बरणीभर झाली, पांढऱ्या दोऱ्यांसारखी. कोंबात जांभळं दिसतंय. मुलगी शाळेतून आली की आधी बरणी बघते, मग दप्तर ठेवते. चारातला एक कुजला, वास येत होता, बाहेर टाकला.

गच्चीबाग_इंदिरानगर | २३ जानेवारी २०२६

वसंत पंचमी. हिशेब देते. २३ कंदांपैकी १९ ना कळ्या. ४ ना नुसती पानं. १९ पैकी आज सकाळी पूर्ण उघडलेलं एक, लाल, बुडाशी पिवळा डाग. सहा रंगावर आलीत, बाकीची अजून हिरवी. देठ यंदा नऊ-दहा इंच, गेल्या वर्षी सहाच्या आसपास होते. मला तरी वाटतं कुंडीतली शेवटची ४ आठवड्यांची थंडीच कामी आली.

शेजारच्या वहिनींची कुंडी पोचवली.

नवखा_माळी | २३ जानेवारी २०२६

अभिनंदन ताई! फुलं गेल्यावर कंदांचं काय करायचं? पुढच्या वर्षी परत लावता येतील का?

गच्चीबाग_इंदिरानगर | २३ जानेवारी २०२६

ट्युलिप आपल्याकडे पुन्हा फुलत नाही. कंदाला परत पोसायला महिना-दोन महिने गार हवा लागते, आणि आपल्याकडे मार्चमध्येच ऊन चटकतं. खतात टाकायचे. पेपरव्हाइटचंही तेच. परत परत फुलणारं हवं असेल तर अमॅरिलिस लावा. त्याला थंडी नको, नुसती कोरडी विश्रांती हवी. पावसाळा संपताना पाणी तोडून आठ-दहा आठवडे तसंच ठेवायचं, मग पाणी दिलं की दोन महिन्यांच्या आत भोंग्यासारखी मोठी फुलं. माझं एक अमॅरिलिस सहा वर्षं जुनं आहे.

आई सकाळी साडेनऊपासून खिडकीशी होती. ट्युलिप ऊब लागली की उघडतो आणि गारठा आला की मिटतो, हे तिला माहीत नव्हतं. संध्याकाळी फूल मिटायला लागलं तेव्हा ती घाबरली, म्हणाली सुकलं का गं. मी समजावलं. आता कुंडी तिच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर आहे. मघाशी दिवा मालवायला गेले तर विचारलं, उद्या किती वाजता उघडेल. म्हटलं, खिडकीत ऊन आलं की. साडेनऊ, पावणेदहा.